मुंग्यांचं पीठ

पुष्पाबाई रोज सकाळी झुंजुमुंजू झालं की मळ्यात जातात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. जाताना त्यांच्या पदराखाली एक ॲल्युमिनियमचा डबा असतो, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. ते कुणाला कळू नये म्हणून तर एवढी लवकरची धडपड. नाहीतर साठी ओलांडलेल्या, घरात एकट्या असलेल्या बाईला थंडीत अंथरूण सोडायची काय पडली होती?

डब्यात ज्वारीचं पीठ असायचं आणि वर चिमूटभर साखर. मळ्याच्या उगवतीच्या बांधावर बोरीचं जुनं झाड आहे. त्याच्या आडोशाला त्या बसायच्या, चिमटीचिमटीनं पीठ मातीवर सोडायच्या आणि दर चिमटीला पुटपुटायच्या, "राजानंदच्या नावानं." काळ्या मुंग्या लगेच हजर व्हायच्या. दोन वर्षं रोज आयतं जेवण मिळाल्यावर कोण येणार नाही? बांधाला त्यांची इतकी भोकं पडली होती की यंदाच्या पावसात तो एका जागी खचलासुद्धा. पुष्पाबाईंना त्याचं समाधानच वाटलं होतं. जेवढ्या मुंग्या तेवढं पुण्य, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

ही युक्ती साळूबाईची. साळूबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यात म्हातारी. कुणाला काय बाधलं आणि ते कशानं उतरेल, याचं उत्तर तिच्याकडे कायम तयार. पुष्पाबाईंनी तिला कुणाचंही नाव न घेता विचारलं होतं, की आपल्या हातून एखाद्याचं वाईट झालं असलं तर माणसानं काय करावं. साळूबाई म्हणाली, "त्याच्या नावानं मुंग्यांना पीठ घाल. त्याच्या जमिनीच्या कडंला घाल. पण कुणाला दिसू देऊ नको. दिसलं की पुण्य उडालं म्हणून समज." ही शेवटची अट पुष्पाबाईंना फार आवडली. त्या माणसापुढे जाऊन उभी राहा, असं काही साळूबाई म्हणाली असती, तर पुष्पाबाई पुन्हा तिच्या ओट्यावर फिरकल्या नसत्या.

आता मुळात झालं काय होतं, तेही सांगायला हवं.

राजानंद म्हणजे बौद्धवाड्यातल्या वसंताचा मुलगा. पुष्पाबाईंच्या बांधाला लागून त्याची अर्धा एकर जमीन. तेवढ्यावर भागत नाही म्हणून तो लोकांच्या कपाशीवर फवारायला जायचा. हात इतका साफ की एक झाड सुटायचं नाही. दोन वर्षांपूर्वी, पोळा होऊन आठवडा झाला असेल, तो पाठीवर औषधाचा पंप घेऊन पुष्पाबाईंच्या कपाशीवर फवारत होता. ऊन मी म्हणत होतं, कपाशी छातीला लागत होती आणि दुपारी वारा फिरून तोंडावर येऊ लागला होता. दोनच्या सुमाराला तो बोरीपाशी आला आणि म्हणाला, "काकू, डोकं गरगर करून राह्यलंय. बाकीचं उद्या करतो." उद्या पाऊस येईल असं मोबाइलवर दाखवत होतं. पुष्पाबाई म्हणाल्या, "दोनच पंप राह्यले रे. जल्दी उरकून टाक." त्यानंतर तासाभरानं तो दोन सऱ्यांच्या मध्ये आडवा पडलेला सापडला. तोंडाला फेस आला होता.

आधी घनसावंगी, तिथून जालना. अकरा दिवस. जालन्याच्या दवाखान्याच्या पायरीवर राजानंदच्या बायकोनं, भावनानं, पुष्पाबाईंचे दोन्ही दंड धरले आणि विचारलं, "काकू, असं कसं झालं? तुमी तिथंच होत्या ना?" भोवती गावातली पाच-सहा माणसं उभी होती. पुष्पाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "मी थांब थांब म्हणत होते गं. ऐकलंच न्हाई त्यानं."

घाबरून निघालेलं वाक्य ते. पण एकदा निघालं ते निघालं. राजानंद वाचला, ती दुपार मात्र त्याच्या डोक्यातून पार पुसली गेली होती. काय झालं ते त्याला लोकांनी सांगितलं, आणि लोकांकडे सांगायला पुष्पाबाईंचं वाक्यच होतं. त्यांचं घर गावातलं जुनं, मोठं, बारा एकरांचं. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार, आणि तीही रोजानं जाणाऱ्या माणसाच्या बाजूनं? गावाला तर एक गंमतच मिळाली. कुणी सांगितलेलं ऐकलं नाही की माणसं विचारायची, "राजानंद झाला का रे?" शेळी आवरेना झाली तरी म्हणायची, "ही बी राजानंदच दिसती." राजानंद स्वतःही हसायचा. हसताना त्याचे हात थरथरत असायचे, कारण ते आता कायमचेच थरथरत होते. औषधाचा वास पुन्हा छातीत गेला तर या खेपेला जालन्यापर्यंत पोचायची खात्री नाही, असं डॉक्टरांनी भावनाला बजावून सांगितलं होतं.

आणि भावना? ती नवऱ्याला जपायची, पण रागही गिळायची नाही. दुपारी शेतात भाकरी सोडली की तिचा आवाज बांधापलीकडे यायचा, "काकू गळा फोडून सांगत होत्या तवा ऐकलं असतं तर आज हे दिवस आले असते का?" राजानंद भाकरी मोडत राहायचा. काय उत्तर देणार, त्याला ती दुपार आठवतच नव्हती. बांधाच्या अलीकडे पुष्पाबाई हातातली भाकरी तशीच फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. त्या दुपारची आणखी एक गोष्ट होती, ती तर त्या स्वतःच्या मनाशीही बोलायच्या नाहीत. ती वर आली की उठायच्या, डब्यात पीठ काढायच्या आणि सकाळची वाट बघत बसायच्या.

यंदा भावनानं शपथच घेतली होती, की औषधाची बाटली घराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. कपाशी बंद. दहा गुंठ्यांत वाल लावला, बांबू रोवून तारांवर चढवला. कोवळ्या शेंगा तीर्थपुरीच्या बाजारात हातोहात जातात. दिवाळीपर्यंत वेल असे माजले होते की लोक रस्त्यावर गाडी थांबवून बघायचे. मग कार्तिकात चार दिवस आभाळ आलं, आणि मावा पडला.

शेंड्यांवर, फुलांच्या दांड्यांवर, कोवळ्या शेंगांच्या पोटाशी काळे बारीक किडे. इतके दाट की काडीला काजळ फासल्यासारखं दिसायचं. पानांवर चिकटा चकाकायला लागला. भावना डगमगली नाही. उन्हाळ्यात वेचून ठेवलेल्या निंबोळ्या तिनं कुटल्या, रात्रभर भिजवल्या, फडक्यातून गाळून त्यात रिठ्याचं पाणी घातलं आणि हातपंपानं पानांच्या खालून वरून मारलं. फार भरलेले शेंडे खुडून साबणाच्या बादलीत बुडवले. उरलेल्यांवर चुलीची राख धुरळली. दोन दिवस वेल स्वच्छ दिसायचे. चौथ्या दिवशी पुन्हा काळे. तिनं पुन्हा कुटल्या, पुन्हा गाळल्या. तिच्या बोटांना निंबोळीचा कडू वास इतका बसला की भाकरीला कडू चव येते म्हणून राजानंद चिडवायचा.

लाल पाठीवर काळे ठिपके असलेले किडे वालावर यायचे. भावना त्यांना ढालकिडे म्हणायची आणि पाहुणे आल्यासारखी खूश व्हायची. "हे मावा खातात, काकू. एकेक किडा दिवसाला पन्नास-पन्नास खातो. मारू नका बरं का दिसला तर." पण पाहुणे टिकायचे नाहीत. आज दिसले की उद्या गायब.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी पुष्पाबाई बोरीखालून उठत होत्या, तेवढ्यात भावना धावतच आली. इतक्या लवकर ती कधी येत नसे. पुष्पाबाईंनी रिकामा डबा पदरात ओढला.

"काकू, कळलं मला! मुंग्या हाईत, मुंग्या!"

"काय गं?"

"काल तीर्थपुरीला बायांची बैठक होती ना शेतीची, तिथं गेल्ते. तिथल्या ताई म्हणल्या, मावा जो चिकटा सोडतो तो गोड असतो. मुंग्या तो पितात. म्हणून मंग त्या मावा पाळतात, आपण म्हशी पाळतो तसं. ढालकिडा खायला आला की चावून हाकलतात. मी कितीबी फवारलं तरी म्हणूनच पुन्हा येऊन राह्यलाय. मुंगी बंद करा म्हणल्या, मावा ढालकिडाच संपवतो." भावना बांधावर वाकून बघू लागली. "पण काकू, एवढ्या मुंग्या इथंच काहून? गावात कुणाच्याच बांधाला एवढ्या न्हाईत."

पुष्पाबाईंच्या पोटाशी डब्याची कड रुतत होती. "थंडीच्या आल्या असतील," त्या म्हणाल्या.

"थंडीत तर कमी होतात." भावनानं मातीतून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. "पीठ हाय हे. कुणीतरी पीठ टाकून राह्यलंय इथं."

"साळूबाई टाकत असंल," पुष्पाबाई म्हणाल्या.

म्हणाल्या आणि त्यांच्या अंगावर काटा आला. किती सहज! दवाखान्याच्या पायरीवर जसं निघालं होतं तसंच, जिभेला जराही अडखळ नाही. तेव्हा निदान समोर मरणाची भीती होती. आज तर नुसता एक डबा होता. भावना म्हणाली, "सांगते त्या म्हातारीला." त्यावर त्या घाईघाईनं म्हणाल्या, "तू नको, मी सांगते. वय झालंय तिचं." तिथंही चांगुलपणा पदरात पाडून घेतला.

भावना गेल्यावर त्या वालाच्या पहिल्या बांबूपाशी बसल्या आणि नीट बघितलं. बोरीच्या बुंध्यापासून मुंग्यांची काळी वाट निघाली होती, ती सरळ बांबूवरून वर. वर एका शेंड्याशी एक ढालकिडा आला होता. तीन-चार मुंग्या त्याच्या पायांना झोंबल्या. त्यानं पंख उघडले आणि तो उडून गेला. मुंग्या माघारी फिरून माव्याच्या पाठी कुरवाळत बसल्या. पुष्पाबाईंनीच पोसलेल्या मुंग्या होत्या त्या, राजानंदच्या नावानं.

त्यांनी काय केलं? पीठ बंद केलं, आणि तोंडही बंदच ठेवलं. आपोआप निस्तरेल, कुणाला कळायचं कारण नाही, अशी आशा. पण दोन वर्षं पोसलेल्या मुंग्या पीठ बंद झालं म्हणून गाव सोडून जात नाहीत. उपाशी पोटी त्या सगळ्याच्या सगळ्या वालावर चढल्या. आठवडाभरात पहिल्या चार ओळी काळ्याठिक्कर पडल्या, फुलं गळायला लागली. पुष्पाबाई अलीकडून बघत होत्या. रोज ठरवायच्या, आज सांगू. रोज भावना समोर आली की विचारायच्या, "मावा कमी हाय का गं?"

आठव्या दिवशी त्यांना विहिरीवर राजानंद दिसला. त्याच्याजवळ बॅटरीवरचा पंप होता, गावातल्या अप्पारावांकडून मागून आणलेला. काठावर औषधाची निळी बाटली. तो झाकण फिरवायचा प्रयत्न करत होता आणि हात ऐकत नव्हते.

पुष्पाबाई धावल्या. चप्पल एका पायातली सरीत राहिली, ती उचलायला थांबल्या नाहीत. "थांब! राजानंद, थांब!"

त्यानं वर बघितलं. "काकू, तिला सांगू नका. ती निंबोळ्या आणायला घरी गेलीय. एकच फवारा मारतो, तोंडाला फडकं बांधून. शेंगा गेल्या तर वर्षभर ती काय करंल? लई राबली ती."

"थांब म्हणते ना! ठेव ते खाली!"

राजानंद थांबला. बाटली त्यानं काठावर ठेवली आणि ओशाळून हसला. "ठेवली. तवाबी तुमी एवढं थांब म्हणल्या, मी ऐकलं न्हाई. आता तरी ऐकतो."

पुष्पाबाईंना ते ऐकवेना. त्या खोट्या शब्दाला मान देऊन तो थांबला होता. आता नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. तो वाचला, बाटली खाली ठेवली गेली, सगळं निभावलं. त्यांच्या मनात हे येऊनही गेलं, आणि त्याचीच त्यांना किळस आली.

"मी तवा थांब म्हणले नव्हते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"खोटं बोलले मी. तू म्हणलास उद्या करतो, डोकं फिरतंय. मी म्हणले दोनच पंप राह्यले, उरक. तुझी काय बी चूक नव्हती. अन् ह्या मुंग्या... त्या बी माझ्याच. साळूबाईच्या न्हाईत. तुझ्या नावानं पीठ घालत होते. पाप फिटावं म्हणून."

राजानंद आपल्या हातांकडे बघत राहिला. मागं कडेला बादली ठेवल्याचा आवाज झाला. भावना उभी होती. किती ऐकलं तिनं, हे विचारायची गरज नव्हती. चेहऱ्यावर होतं सगळं.

पुष्पाबाई वाट बघत होत्या. शिव्या येतील, हात उगारेल, रडेल. भावनानं आधी जाऊन ती निळी बाटली उचलली, झाकण घट्ट आहे का बघितलं आणि विचारलं, "पीठ कुठं कुठं टाकलं? सगळी जागा दाखवा."

दुपारपर्यंत तिघंही वालात होते. बांधाकडे झुकलेले वेल भावनानं छाटले. प्रत्येक बांबूच्या बुडाला राखेचं कडं केलं, वर एरंडेलात भिजवलेली चिंधी बांधली. "मुंग्यांना एकदम उपाशी नका ठेवू," राजानंद म्हणाला, "ओढ्यापलीकडच्या बाभळीखाली घाला पीठ, तिकडं जातील." हा माणूस मुंग्यांचाही विचार करत होता. पुष्पाबाईंना त्याच्याकडे बघवेना. त्या एकेक शेंडा फडक्यानं पुसत राहिल्या, बोटं काळी आणि चिकट होईपर्यंत.

निघताना भावना प्रथमच त्यांच्याकडे बघून बोलली. "दोन वर्षं मी ह्यांना बोलले, काकू. जेवताना बोलले, आजारात बोलले. एकदा तर लोकांपुढं बोलले. ते सगळं ज्यानं ऐकायचं तो माणूस दुसराच होता." तिनं एरंडेलाचे हात पदराला पुसले. "आमाला दोघांना सांगून काय उपयोग? तुमी गावापुढं म्हणल्या होत्या. गावापुढंच सांगा."

"सांगते," पुष्पाबाई म्हणाल्या.

म्हणायला काय लागतं! दुसऱ्या दिवशी त्या पारापर्यंत गेल्या; तिथं माणसं फार होती. तिसऱ्या दिवशी गेल्या. फारच कमी होती. देवळात सांगावं तर बायका आरतीच्या घाईत. असे तीन आठवडे गेले. तेवढ्यात तिकडे वालावर ढालकिडे आले, आणि या वेळी राहिले. त्यांनी पानांखाली पिवळी अंडी घातली, त्यातून काळ्या काटेरी अळ्या निघाल्या आणि त्या माव्यावर तुटून पडल्या. चिकटा वाळला, नवी फुलं आली. पुष्पाबाई रोज सकाळी जाऊन राखेची कडी नीट करायच्या, आता उजेडात, सगळ्यांच्या देखत. भावना शेजारच्या ओळीत असायची. शेंगा खुडत राहायची. "सांगितलं का?" असंही विचारायची नाही, आणि तेच सगळ्यात जड जायचं.

पौषातल्या एका बाजाराच्या दिवशी पुष्पाबाई तीर्थपुरीला जायला काळीपिवळीत बसल्या. मागच्या बाकावर आधीच भावना आणि राजानंद होते, पायाशी शेंगांनी भरलेली दोन कॅरेटं. पुष्पाबाईंना जागा मिळाली ती नेमकी त्यांच्या समोर. जीपमध्ये निम्मं गावच भरलं होतं. फाट्यावर चढता चढता जीप बंद पडली, मग सुरू झाली, पुन्हा बंद पडली.

पुढच्या बाकावरून अप्पाराव ओरडले, "ड्रायव्हरसाहेब, ही तुमची जीप बी राजानंदच दिसती! सांगितलेलं ऐकतच न्हाई!"

सगळी जीप हसली. राजानंदही हसला. भावना हसली नाही. तिनं पुष्पाबाईंकडे बघितलंही नाही. ती बाहेर उसाकडे बघत होती. मान मात्र ताठ झाली होती.

"अप्पाराव," पुष्पाबाई म्हणाल्या, "मी थांब म्हणलेच नव्हते."

तेवढ्यात जीप सुरू झाली. इंजिनाच्या घरघरीत अर्धं वाक्य गेलं. "काय म्हणल्या, वहिनी?" अप्पारावांनी मान वळवली.

एकदा धीर करून बोललेलं पुन्हा बोलायचं म्हणजे काय असतं, ते पुष्पाबाईंनाच कळलं. त्या ओरडल्या, "राजानंदला औषध चढलं त्या दिवशी मी त्याला थांब म्हणले नव्हते! मी खोटं सांगितलं गावाला!"

आता सगळ्यांनी ऐकलं. कुणीतरी हातातला मोबाइल बंद केला.

"पुढं सांगा, काकू," भावना बाहेर बघतच म्हणाली.

पुढचं तिला माहीत होतं तेवढंच ती मागत होती. पण पुष्पाबाईंनी तोंड उघडलं आणि दोन वर्षं स्वतःलाही न सांगितलेलं ते बाहेर आलं. "तो म्हणला डोकं फिरतंय, उद्या करतो. मी म्हणले दोनच पंप राह्यले. तो न्हाई म्हणला. पंप काढून खाली ठेवला, बोरीखाली बसला. मंग मी..." त्यांनी आपले दोन्ही तळहात उघडून बघितले. "मंग मी तो भरलेला पंप उचलला. मीच त्याच्या पाठीवर चढवला. पट्टा बी मीच वढून दिला. तो थांबलाच होता. मी उठवला त्याला."

भावनानं बाहेरची नजर काढली आणि त्यांच्याकडे बघितलं. हे तिला ठाऊक नव्हतं. राजानंदनं डोळे मिटले होते. जणू ती दुपार तो शोधत होता.  अप्पाराव दोनदा खाकरले आणि तोंड पुढं करून बसले.

बाजारापाशी जीप थांबली. माणसं उतरून बाजूला उभी राहिली, जायची घाई कुणालाच दिसेना. राजानंद सवयीनं कॅरेट उचलायला वाकला. हात कडेला लागले आणि कॅरेट त्यांच्यासोबत थरथरू लागलं.

"तुमी थांबा," भावना म्हणाली.

राजानंद तिथंच थांबला. एका शब्दात. सगळ्या जीपनं ते बघितलं.

मग भावना पुष्पाबाईंकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात नव्हतं.

"तुमी उचला, काकू," ती म्हणाली. "उचलून द्यायचं तुमाला जमतं."

पुष्पाबाईंनी पदर खोचला, खाली वाकल्या आणि कॅरेट उचललं.